गणिताच्या तासाला गप्प बसणारी मुले आणि त्यांना चिकटवलेली 'अध्ययनशैली'

खडूफळा (धागाकर्ती)

गेल्या काही वर्षांत मुंबईतील शिक्षक-प्रशिक्षणांत, पालकसभांत आणि आता तर खासगी क्लासच्या जाहिरातींतही एक विधान सतत कानावर पडते. प्रत्येक मुलाची अध्ययनशैली वेगळी असते, कोणी पाहून शिकते, कोणी ऐकून, तर कोणी हाताने करून. तेव्हा ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवावे, म्हणजे वर्गातला सहभाग आपोआप वाढेल. या विधानाच्या पूर्वार्धाशी माझे भांडण नाही. उत्तरार्ध मात्र, निदान गणिताच्या तासापुरता तरी, मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढते आहे. मी परळ-लालबाग पट्ट्यातील एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते.

चर्चा भरकटू नये म्हणून माझे म्हणणे आधीच सांगते. गणिताच्या तासाला मूल बोलते की गप्प बसते, हे त्याच्या शैलीवरून फारसे ठरत नाही. प्रश्न कसा विचारला, विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबला, कोणत्या भाषेत उत्तर देण्याची मुभा होती आणि उत्तर चुकल्यावर काय घडले, यांवरून ते ठरते. 'त्याची शैलीच वेगळी आहे हो' हे वाक्य तर पुष्कळदा त्या मुलाला प्रश्न न विचारण्याची सभ्य सबब होऊन बसते.

मुळात 'अध्ययनशैली' ही एक कल्पना नाही. ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना तब्बल ७१ प्रारूपे आढळली आणि त्यांतली १३ त्यांनी तपशिलाने तपासली. आपल्याकडे सर्वांत पसरलेले प्रारूप नील फ्लेमिंग यांचे. न्यूझीलंडमध्ये शाळा तपासनीस म्हणून काम केलेल्या फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये कॉलीन मिल्स यांच्यासह दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे चार प्रकार मांडले, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'व्हार्क' म्हणतात. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्त ही निराळी गोष्ट आहे. बुद्धिमत्ता म्हणजे शैली नव्हे हे गार्डनर यांनी स्वतः स्पष्ट केलेले आहे, तरी आपल्या बी.एड.च्या गाइडांत दोन्ही एकाच प्रकरणात सुखाने नांदतात.

शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो, हे सिद्ध करायचे तर नेमके काय दाखवावे लागेल? हा प्रश्न हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेटका मांडला. आधी मुलांचे शैलीप्रमाणे गट करायचे, मग प्रत्येक गटातली मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन अध्यापनपद्धतींत वाटायची आणि शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा द्यायची. चित्राने शिकवल्यावर दृश्यशैलीची मुले पुढे आणि तोंडी शिकवल्यावर श्राव्यशैलीची मुले पुढे, असे निकाल एकमेकांना छेदून गेले तरच दावा खरा म्हणता येईल. सगळ्याच मुलांना चित्राने जास्त समजले, तर त्यातून चित्र उपयोगी आहे एवढेच कळते, शैलीबद्दल काहीही कळत नाही. या कसोटीला उतरणारा पुरावा त्यांना जवळजवळ मिळाला नाही, आणि कसोटी पाळून केलेल्या काही प्रयोगांचे निष्कर्ष तर दाव्याच्या विरुद्ध होते. तरीही २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटनमधील ९३ टक्के आणि नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षकांनी या समजुतीला होकार दिला होता. म्हणजे हा केवळ आपल्याकडचा रोग नाही.

गणितात तर आशयच पद्धत ठरवतो. वर्तुळाच्या स्पर्शिकेचे प्रमेय आकृतीशिवाय कोणत्या श्राव्यशैलीच्या मुलाला शिकवणार? आणि पक्ष, साध्य, मग एकेक विधान व त्यापुढे कंसात कारण, असे सगळे लिहिल्याशिवाय कोणत्या दृश्यशैलीच्या मुलाची सिद्धतेतून सुटका होणार आहे? जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, प्रतिमा आणि चिन्ह अशी ज्ञानाची तीन रूपे सांगितली, ती प्रत्येक मुलासाठी सांगितली होती. एकाला कृती आणि दुसऱ्याला चिन्ह अशी वाटणी त्यांत नव्हती. अपूर्णांकांची बेरीज शिकताना कागदाची पट्टी, वहीतली आकृती आणि लसावि या तिन्हींची गरज एकाच मुलाला लागते, आणि बहुधा त्याच क्रमाने लागते.

आता सहभागाकडे वळते, कारण खरा गोंधळ तिथे आहे. आपल्या शाळांत सहभाग म्हणजे सुरात दिलेले उत्तर. 'समजले का?' 'होऽऽ बाई.' उणे तीन आणि उणे पाच यांत मोठी संख्या कोणती, असे वर्गाला उद्देशून विचारले की 'उणे पाच' असे दणदणीत उत्तर येते. वर्ग जिवंत वाटतो, दारावरून जाणारे मुख्याध्यापक समाधानाने पुढे जातात आणि बहुतेकांचे उत्तर चुकलेले असते. हाच प्रश्न 'वहीत लिहा, कारणही लिहा, शेजारच्याला दाखवा आणि मग सांगा' असा विचारला की आवाज खाली येतो, पण दोन्ही उत्तरे पुढे येतात आणि वाद सुरू होतो. तीन रुपयांची उधारी बरी की पाच रुपयांची, असा मुद्दा माझ्या वर्गात काढणारा मुलगा वर्षभर हात वर न करणारा होता. प्राथमिकच्या प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे 'श्राव्य माध्यमास प्रतिसाद कमी' असा शेरा होता.

थांबण्याची गोष्टही अशीच. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासून १९७४ मध्ये दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ते अंतर तीन सेकंदांपर्यंत नेले की उत्तरे लांबतात, 'माहीत नाही' कमी होते आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण गच्च भरलेल्या वर्गात, खिडकीबाहेर बसचे हॉर्न वाजत असताना, पहिल्या बाकावरचे चार हात 'बाई मी, बाई मी' करत असताना ते तीन सेकंद गप्प उभे राहून पाहावे. मी मनात आकडे मोजते. एरवी जमत नाही.

आणि मुंबईत एक गोष्ट आहे जी कोणत्याही शैलीच्या प्रश्नावलीत नसते, ती म्हणजे क्लास. ज्यांच्या क्लासमध्ये वर्गसमीकरणे एप्रिल-मेमध्येच उरकलेली असतात, ती मुले जुलैत शाळेत धडाधड उत्तरे देतात, किंवा कंटाळून काहीच देत नाहीत. ज्यांनी ते प्रकरण प्रथमच पाहिलेले असते, त्यांना ही उत्तरे ऐकून वाटते की आपणच तेवढे मंद आहोत. मग पहिल्यांना 'सक्रिय अध्ययनार्थी' आणि दुसऱ्यांना 'निष्क्रिय' म्हणायचे, हे मला शास्त्रीय वाटत नाही.

अनुभव आणि मतभेद दोन्ही अवश्य लिहावेत.

मुलुंडकर_पालक

ताई, लेख आवडला, पण एक पालक म्हणून माझी अडचण सांगतो. आमच्या आठवीतल्या मुलीची एका क्लासने प्रवेशाच्या वेळी संगणकावर चाचणी घेतली, रंगीत आलेख असलेला अहवाल दिला आणि सांगितले की ती कृतिशैलीची आहे, म्हणून तिला 'कृतियुक्त गणिता'ची वेगळी तुकडी हवी. अर्थात तिची फीही वेगळी. चाचणीतले प्रश्न मी नंतर पाहिले. नवा मोबाइल घेतल्यावर तू माहितीपुस्तिका वाचतेस, कोणाला विचारतेस की थेट हाताळून पाहतेस, असे ते प्रश्न होते. कोणते मूल थेट हाताळणार नाही?

माझी खरी काळजी वेगळी आहे. अहवाल आल्यापासून मुलगी स्वतःच म्हणू लागली आहे की मला फळ्यावरचे गणित समजणारच नाही, माझी शैली तशी नाही. शाळेत ती हात वर करत नाही आणि त्याचे कारण आता तिच्याकडे छापील स्वरूपात तयार आहे. घरी तिच्याशी काय बोलावे?

खडूफळा

दादा, अहवाल कपाटात ठेवून द्यावा आणि तिच्याशी शैलीविषयी वाद घालू नये, असे मी सुचवेन. त्याऐवजी तिच्यासोबत एक गोष्ट करून पाहावी. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग हे सूत्र तिला अभ्यासाला आहेच. चौरस कागद घेऊन कडेपासून थोड्या अंतरावर, मध्यावर नव्हे, एक घडी उभी आणि तेवढ्याच अंतरावर एक घडी आडवी घातली, की एक मोठा चौरस, एक लहान चौरस आणि दोन सारखे आयत दिसतात.

हा प्रयोग मी वर्गात करते. गेल्या वर्षी एका मुलीने घड्या सर्वांच्या आधी आणि अगदी काटेकोर घातल्या. मी तिला विचारले की आयत दोनच का आले, एक का नाही, तर ती गप्प. कृती झाली होती, समजणे अजून व्हायचे होते. मी थांबले. तिच्या शेजारणीने कागद उलगडला, पुन्हा एकच घडी घातली, दाखवला. मग ही म्हणाली, 'बाई, घडी उभी पण आहे ना आणि आडवी पण, म्हणून.' त्यानंतर तिने फळ्यावर येऊन दोन आयतांची क्षेत्रफळे लिहिली आणि दुप्पट गुणाकाराचे पद कुठून आले हे वर्गाला सांगितले. हात, डोळे, बोलणे आणि चिन्हे हे सगळे पाच मिनिटांत एकाच मुलीने वापरले. आपल्या मुलीलाही घडी घालून झाल्यावर 'का' विचारावे आणि ती शोधेपर्यंत आपण बोलू नये. पालकांना हे शेवटचे सर्वांत कठीण जाते, असा माझा अनुभव आहे.

अध्यापनशास्त्र

मी एका बी.एड. महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे गाइडांवरचा टोला शिरसावंद्य. तरीही धागाकर्तीने दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या आहेत असे मला वाटते. व्हार्कसारखी प्रारूपे माहिती कोणत्या वाटेने आत येते याविषयी बोलतात आणि त्यांच्यावरची टीका मला मान्य आहे. पण १९७४ मध्ये शेरिल रीचमन आणि अँथनी ग्राशा यांनी मांडलेले प्रारूप विद्यार्थी वर्गात कसा वागतो याविषयी आहे. स्पर्धाशील आणि सहकार्यशील, टाळणारा आणि सहभागी, परावलंबी आणि स्वावलंबी अशा सहा प्रवृत्ती त्यात आहेत. रिचर्ड फेल्डर आणि लिंडा सिल्व्हरमन यांनी १९८८ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मांडलेल्या प्रारूपातही 'करत करत विचार करणारे' आणि 'आधी विचार करून मग करणारे' असा भेद आहे. गणिताच्या तासातील सहभागाशी या प्रवृत्तींचा संबंध नसेल असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. एखादे मूल खरोखरच आधी मनात मांडून मग बोलणारे असते, आणि त्याला नाव घेऊन उठवणे हा त्याच्यावर अन्याय होऊ शकतो.

आपला रोख लेबलांवर आहे हे समजते. पण सर्व मुले सारखीच मानून चालणे हाही त्यावरचा उपाय नव्हे.

खडूफळा

सर, आपण केलेला भेद महत्त्वाचा आहे आणि तो पहिल्या लेखात यायला जागा होती. मात्र ग्राशा-रीचमन प्रारूपाची अडचण निराळीच आहे. वर्गचर्चेत भाग घ्यायला मला आवडते, या अर्थाच्या विधानांना जो होकार देतो त्याला आपण 'सहभागी' म्हणतो. मग वर्गात निरीक्षण करून सांगतो की सहभागी शैलीचे विद्यार्थी अधिक सहभाग घेतात. हे नवे ज्ञान नाही, आपण जे आत घातले तेच बाहेर काढले. त्यातही सहभाग पुन्हा त्याच मुलाला प्रश्नावली देऊन मोजला असेल, तर एकाच दिवशी एकाच मनःस्थितीत भरलेले दोन कागद एकमेकांशी जुळले एवढाच त्याचा अर्थ. सहसंबंध गुणक, म्हणजे दोन मोजमापे किती जुळतात हे सांगणारा आकडा, चांगला येतो, पण त्यावरून शिक्षकाने उद्या वर्गात काय करावे हे कळत नाही.

आधी विचार करून मग बोलणारी मुले असतात हे मात्र अगदी खरे. पण त्यांच्यासाठी वेगळी पद्धत लागत नाही, वेळ लागतो, आणि तो वेळ सगळ्या वर्गालाच दिला तर चटकन बोलणाऱ्यांचेही उत्तर सुधारते. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये सुचवलेला 'विचार करा, जोडीत बोला, मग वर्गाला सांगा' हा क्रम मला म्हणूनच उपयोगी वाटतो. कोण अबोल आणि कोण बोलका हे आधी ठरवण्याची गरजच त्यात पडत नाही.

नाव घेऊन विचारण्याबद्दल माझ्याही मनात बराच काळ संकोच होता. २०१३ मध्ये एलिस डॅलिमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्या वर्गांत अध्यापक वारंवार नाव घेऊन विचारत असत, तिथे सत्राच्या ओघात आपणहून उत्तर देणाऱ्यांची संख्या वाढली आणि विद्यार्थ्यांचे अवघडलेपण वाढले नाही. तो अभ्यास अमेरिकेतील महाविद्यालयात लेखाशास्त्र शिकणाऱ्यांचा होता, आपल्या नववीचा नाही, म्हणून तो जसाच्या तसा उचलू नये. पण 'नाव घेतले की मूल कोमेजतेच' हे गृहीतक तपासायला हवे एवढे त्यातून नक्की निघते. माझ्याकडे नाव घेतले जाते ते जोडीत बोलून झाल्यावर, आणि प्रश्न 'तुझे उत्तर काय' असा नसून 'तुमच्या बाकावर काय ठरले' असा असतो.

मागचा_बाक

मी सध्या अकरावी विज्ञानला आहे, दहावी गेल्या वर्षी झाली. मोठ्यांच्या चर्चेत बोलतो आहे, राग नसावा.

मला गणित आवडायचे, तरीही मी दहा वर्षांत स्वतःहून क्वचितच हात वर केला, आणि माझ्यासारखे निम्म्याहून अधिक असतील. कारण शैली वगैरे नव्हते. आमच्या सरांना उत्तर चुकले की ते काही बोलत नसत, फक्त पुढच्याकडे बोट दाखवत. पुढच्याचे चुकले की त्याच्या पुढच्याकडे. कोणाचे का चुकले हे कधी कळतच नसे, बरोबर उत्तर आले की थेट पुढचे उदाहरण. त्यामुळे पूर्ण खात्री असल्याशिवाय कोणी बोलायचे नाही आणि पूर्ण खात्री फक्त क्लासला ते उदाहरण झालेल्यांनाच असायची.

अजून एक सांगतो. मला गटात अभ्यास करायला आवडतो असे कोणत्याही प्रश्नावलीत मी लिहीन. पण आमच्या घरी पाच जण एका खोलीत राहतात, म्हणून मी मित्रांबरोबर वरळीच्या अभ्यास गल्लीत रस्त्याच्या दिव्याखाली बसायचो. स्वतंत्र खोली असती तर मला एकट्याने अभ्यास आवडला असता की नाही, हे मला खरेच सांगता येणार नाही.

खडूफळा

राग कसला! दोन्ही मुद्दे धाग्याच्या गाभ्याशी जाणारे आहेत. दुसरा तर मला सुचलाच नव्हता. प्रश्नावलीत आवड म्हणून नोंदवले जाते ते कित्येकदा परिस्थितीला दिलेले उत्तर असते, आणि मुंबईत परिस्थिती म्हणजे बहुतेक वेळा जागा.

पहिल्या मुद्द्याला एक पुस्ती जोडते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवले, की गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करताना मधल्या गोष्टी डोक्यात धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती, हिशेब करताना त्या धास्तीतच खर्ची पडते, आणि हातच्याचे आकडे लक्षात ठेवायला जागा उरत नाही. म्हणजे पुढच्याकडे वळणाऱ्या बोटामुळे मूल गप्प तर बसतेच, पण मनातल्या मनात सोडवत असलेले उदाहरणही चुकते.

पालिका_शिक्षक

मी महापालिकेच्या उपनगरातील एका शाळेत सेमी इंग्रजीच्या वर्गांना गणित शिकवतो. महापालिका आठ भाषामाध्यमांतून शाळा चालवते हे येथे अनेकांना माहीत असेल. त्यात सेमी इंग्रजीची भर पडल्यापासून भूमितीच्या तासाला काय होते ते सांगतो.

नववीत त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या असतात. मराठी माध्यमाच्या मुलाला 'बाकोबा' म्हटले की बाजू-कोन-बाजू हे डोळ्यांसमोर उभे राहते. माझ्या वर्गातील मूल 'एसएएस' पाठ म्हणते, आणि कोणता कोन घ्यायचा असे विचारले की त्याला उत्तर माहीत असूनही वाक्य सापडत नाही. 'इन्क्लुडेड अँगल' हे शब्द तोंडात येईपर्यंत माझा धीर संपतो आणि मी स्वतःच सांगून मोकळा होतो. ऑगस्टपासून मी एकच बदल केला. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरील लेखन इंग्रजी, पण बोलणे कोणत्याही भाषेत चालेल, अगदी 'सर, वो बीचवाला कोन' असेही चालेल. एका मुलाने आकृतीवर दोन बाजूंच्या मध्ये बोट ठेवून 'ह्या दोघांच्या मधला, साइडचा नाही' असे सांगितले, तेव्हा माझ्या व्याख्येपेक्षा ती व्याख्या वर्गाला जास्त समजली. इंग्रजी वाक्य आम्ही नंतर सगळ्यांनी मिळून लिहिले.

हे मूल आधीच्या इयत्तेत 'दृश्यशैलीचे, मौखिक सहभाग कमी' म्हणून नोंदवलेले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याची शिफारस केली आहे, पण नववीत बसलेल्या मुलाला आज त्याचा काय उपयोग, ते तुम्हीच सांगा.

लघुप्रबंध_चालू

मी एम.एड.ची विद्यार्थिनी आहे आणि हा धागा वाचून माझी झोप उडाली आहे, कारण माझ्या लघुप्रबंधाचा विषयच 'माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या अध्ययनशैली व गणित अध्ययनातील सहभाग यांचा सहसंबंध' असा आहे. विषय मंजूर झाला आहे आणि शीर्षक बदलणे आता अवघड आहे. दोन प्रश्नावल्या आणि दोन शाळा असा माझा आराखडा होता. त्यातून काही अर्थपूर्ण निघावे म्हणून काय करता येईल? सहभाग मोजण्यासाठी फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती, म्हणजे वर्गात कोण बोलते याच्या ठरावीक अंतराने नोंदी घेण्याची पद्धत, वापरावी का?

अध्यापनशास्त्र

शीर्षक तसेच राहू द्यावे. सहसंबंध शोधायचा म्हणजे तो सापडलाच पाहिजे असे नाही. नीट मोजून तो क्षीण आढळला, तर तोही निष्कर्षच आहे आणि मार्गदर्शकांनी तो स्वीकारायला हवा. मात्र सहभाग प्रश्नावलीने मोजू नये, प्रत्यक्ष वर्गात बसून मोजावा.

फ्लँडर्सविषयी सावध करतो. त्या पद्धतीत दर तीन सेकंदांनी एक नोंद घ्यायची असते आणि नोंदींचे दहा प्रकार असतात: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा. म्हणजे मूल मान खाली घालून उदाहरण सोडवत असेल, तर ती शांतता आणि वर्गातला गलका एकाच खणात जातात. शिवाय ही पद्धत 'विद्यार्थी' बोलला एवढेच सांगते, कोणता विद्यार्थी ते सांगत नाही. एकाच मुलीने पंधरा उत्तरे दिली काय आणि पंधरा मुलांनी एकेक दिले काय, तक्ता सारखाच दिसतो. गणिताच्या तासासाठी हे दोन्ही दोष मोठे आहेत. धागाकर्तीशी माझे येथे पूर्ण एकमत आहे, हे नोंदवतो.

खडूफळा

सरांनी माझे अर्धे काम केले. लघुप्रबंधवाल्या ताईंसाठी उरलेले व्यवहाराच्या अंगाने लिहिते.

वर्गाचा बैठक-नकाशा काढावा, त्यावर नावे घालू नयेत, बाक आणि जागा यांचे क्रमांक घालावेत. प्रत्येक तासाला ज्या जागेवरून उत्तर, प्रश्न किंवा हरकत आली तिथे खूण करावी. स्वतःहून बोलल्यास एक खूण आणि नाव घेऊन विचारल्यावर बोलल्यास दुसरी. सुरात दिलेली उत्तरे मोजूच नयेत. तासाअखेर वह्या पाहून कोणी उदाहरण सुरू केले, कोणी अर्धे सोडले आणि कोणी फळ्यावरून नुसते उतरवले, याची वेगळी नोंद घ्यावी, कारण लेखी सहभाग हाही सहभाग आहे आणि अबोल मुलांचा तोच बराचसा असतो.

शैलीच्या प्रश्नावलीसोबत चार साधे प्रश्न जोडावेत: हे प्रकरण क्लासमध्ये आधी झाले आहे का, घरी कोणती भाषा बोलतात, अभ्यासाला बसायची जागा कोणती, आणि गणिताचे उत्तर चुकले तर वर्गात काय होते. मग शैलीचा सहभागाशी असलेला संबंध, या चार गोष्टी लक्षात घेतल्यावर किती उरतो ते पाहावे. संख्याशास्त्र मार्गदर्शकांकडून करून घेता येईल. शक्य असल्यास त्याच शिक्षकांना विनंती करून काही तास नेहमीसारखे आणि काही तास तीन सेकंद थांबून व जोडीत बोलू देऊन घ्यायला सांगावे. मुले तीच, शिक्षक तेच, त्यामुळे तुलना बरीचशी स्वच्छ होईल.

शाळा निवडताना एक मराठी माध्यमाची आणि एक सेमी इंग्रजीची घ्यावी, पालिका_शिक्षक सरांनी लिहिलेले तपासता येईल. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी जून संपण्यापूर्वी मिळवावी आणि निरीक्षण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावे. पहिले दोन-तीन तास मुले तुमच्याकडेच बघत बसतील. ते धरू नका. ऑगस्टमध्ये घटक चाचणी आणि मग गणपतीची सुट्टी येते, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असतो, त्या तासांच्या खुणा वेगळ्या रंगाने कराव्यात, नाहीतर पाण्यामुळे गैरहजर राहिलेली मुलेही तुमच्या तक्त्यात 'टाळणारी' म्हणून जमा होतील.

लघुप्रबंध_चालू

खूप आभार, ताई आणि सर. बैठक-नकाशाचा कच्चा नमुना उद्या मार्गदर्शकांना दाखवते. एकच शंका राहिली: जोडीत बोलताना एका बाकावरची दोन्ही मुले बोलत असतील तर खूण कोणाच्या जागेवर करायची?

खडूफळा

जोडीतले बोलणे दुरून मोजता येणार नाही, त्याचा प्रयत्नच करू नये. जोडीनंतर वर्गासमोर जो बोलेल त्याच्या जागेवर खूण, आणि तो 'आमचे असे ठरले' म्हणाला तर शेजाऱ्याच्या जागेवर एक लहान ठिपका. ठिपके वेगळे मोजावेत, खुणांत मिसळू नयेत. आणि एका बाकावर तीन मुले बसत असतील, आमच्याकडे बसतात, तर मधल्या मुलाकडे नीट लक्ष द्यावे. त्याला दोन्हीकडचे ऐकू येते आणि दोघांपैकी कोणीच त्याला विचारत नाही.